मूठभर तळासाठी हॅवलॉक

आमच्या घरात प्रवासाचे बेत मी करतो आणि वंदना ते रद्द करते, अशी कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली आहे. बद्री-केदार तिने गुडघ्यांवर ढकललं, काश्मीर थंडीवर, आणि उज्जैन तर "तिथे तुम्ही प्रत्येक दगडापाशी उभे राहून तास घ्याल" या एका वाक्यात निकालात निघालं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "अहो, अंदमानला जायला किती पडतात?" तेव्हा मी आधी चष्मा शोधला. ऐकायला चष्मा लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण हे काहीतरी नीट बघून घ्यावं असं वाटलं खरं.

कारण फोनमध्ये होतं. पुण्याला असणाऱ्या आमच्या लेकीने एक व्हिडिओ पाठवला होता. निळ्या पाण्याच्या तळाशी एक माणूस गुडघे टेकून बसलाय, पाठीला टाकी, तोंडात नळी. तो वाळूत हात घालतो, मूठ भरतो आणि बोटं सैल सोडतो. वाळू धुरासारखी उडते. संपलं. लेकीने तो मागच्या पिवळ्या माशांसाठी पाठवला होता. वंदनाने मासे पाहिलेच नाहीत. तिने तो परत लावला, मग आणखी एकदा लावला, आणि मटारच्या शेंगा मांडीवर तशाच ठेवून म्हणाली, "याचा हात तळाला पोचला."

हे वाक्य कळायला गिरीज माहीत असावं लागतं. वसईतलं गिरीज हे वंदनाचं माहेर. केळी, नारळ, भाजीच्या वाड्यांचं गाव. वाडीला जसं घर असायचं तसं बावखल असायचं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी साठवणं, विहिरीला पाझर देणं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं सांभाळणं ही त्याची कामं. वंदनाच्या माहेरच्या बावखलात मुलांचा एक खेळ चालायचा. बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत धरायचा आणि वर यायचं. काठावर पंच म्हणून तिचा मोठा भाऊ सुधाकर बसलेला असे, कारण त्याला पोहता येत नसे आणि पोहता न येणाऱ्याला अधिकाराचं पद द्यायची आपली पद्धतच आहे. पंच म्हणायचा, "दाव." मूठ उघडली की तो वाकून गाळाचा वास घ्यायचा. तळाच्या गाळाला कुजलेल्या पानांचा आणि ओल्या लोखंडाचा असा एक गार वास असतो. काठाच्या चिखलाला तो नसतो. लबाड पोरं काठालाच हात मारून वर यायची. वास घेऊन सुधाकर निकाल द्यायचा, "काठाचा." किंवा, "तळाचा." त्यावर अपील नसे.

वंदनाचा कायम तळाचा. आणि सगळ्यांत जास्त वेळ ती खाली राहायची, श्वास धरण्यात तिला तोड नव्हती.

पुढे माझे सासरे गेले, वाडीचे तुकडे पडले, बावखल बुजवलं आणि त्यावर इमारत उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्यावर सुधाकर राहतो. कुणी कुणाशी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. वंदना भाऊबीजेला जाते, पुढच्या खोलीत बसते, ओवाळते, जेवते. स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकत नाही, कारण तिथली खिडकी मागच्या पार्किंगवर उघडते आणि जिथे पार्किंग आहे तिथे बावखल होतं. वहिनींचा समज असा की नणंद कामचुकार आहे.

"आपल्याकडे समुद्र आहे की," मी म्हणालो. "अर्नाळा आहे, राजोडी आहे."

"तिथे पाण्यात हात घातला तर हात दिसत नाही. तळ कुठून दिसणार?" आणि मग मटार पुन्हा हातात घेत, जरा खालच्या आवाजात, "एकदा परत तळाला हात लावायचाय हो. एकदाच."

वंदनाला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, म्हणून आधी मनवेलपाड्याच्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. वाचकहो, तुम्हीही जा. पाण्याखाली नेणारे लोक तब्येतीचं विचारतात आणि तिथे खोटं सांगण्यात काही शहाणपण नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, कान पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "यंदा जाऊन या वहिनी. पुढच्या वर्षीचं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही," मी म्हणालो. "पण मला प्राणायाम येतो."

डॉक्टरांनी माझाही रक्तदाब मोजला. ते मितभाषी आहेत.

पोचणं

जानेवारीच्या शेवटी निघालो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. विरारला चंदनसारच्या आमच्या घरून टॅक्सीने विमानतळ, तिथून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर. या गावाचं नाव आता श्री विजय पुरम झालंय, पण टॅक्सीवाल्यांना ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिकिटं दोन-तीन महिने आधी काढलीत तर परवडतात, ऐनवेळी काढलीत तर विमानच विकत घेतल्यासारखं वाटतं. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला (हेही आता स्वराज द्वीप) बोटीने दोन-अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त, पण जागा मिळणं नशिबावर. खाजगी बोट महाग, गार आणि बंद काचांची. उलटीची गोळी घ्या. मी घेतली नाही, कारण मला वाटलं आपण वसईकर. बोट धक्क्यावरून सुटली आणि माझा हा अभिमान कागदाच्या पिशवीत गेला.

हॅवलॉकवर उतरलो की पहिलं जाणवतं ते पाण्याचं वागणं. ते रंग बदलत नाही, रंगांची रांग लावून उभं असतं: काठाशी दुधाळ हिरवं, मग पोपटी, मग मोरपंखी, मग थेट निळं. वंदना धक्क्यावर वाकून बघत होती. लाकडी खांबाच्या बुंध्यापर्यंत सगळं दिसत होतं, तिथे फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासेसुद्धा.

"दिसतोय," ती म्हणाली.

"काय?"

"तळ, अजून काय!" आणि बॅग उचलून माझ्या पुढे चालू लागली. तिचे गुडघे, ज्यांच्यावर बद्री-केदार बुडालं होतं, ते ठणठणीत होते.

आम्ही राहिलो एका बंगाली कुटुंबाच्या घरगुती लॉजमध्ये. बाजारापासून चालत जाण्यासारखं, खोली साधी, पंखा, मच्छरदाणी आणि सकाळी लुची-भाजी, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि बटाटा. हॉटेलांपेक्षा निम्म्याहून कमी भाडं. रोख पैसे बरोबर ठेवा, फोनला रेंज लहर लागली तर असते. जेवायला बाजारातल्या खानावळींत माशाची थाळी मिळते, मोहरी लावलेला मासा आणि पातळ मसूर डाळ. आपल्याकडच्या आंबट-तिखटाची वाट बघत बसलात तर उपाशी राहाल.

श्वास

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याखालची शाळा. आमची शिक्षिका नेहा, कल्याणची मुलगी, ऑफिसातली नोकरी सोडून इथे आलेली. केस मिठाने राठ झालेले, आवाज मात्र रिक्षा थांबवणाऱ्या कल्याणकराचा, जराही न बदललेला. आमच्यासारख्या नवख्यांना इथे प्रत्येकी एक शिक्षक मिळतो. वंदनाला नेहा मिळाली. मला रतन नावाचा बेटावरचाच माणूस मिळाला, जो बोलत नसे आणि पाण्यात माझी टाकी मांजरीने पिल्लू धरावं तशी मागून धरून ठेवत असे. मला त्याच्याइतकं आपलं कुणी वाटल्याचं अलीकडे आठवत नाही.

"काका, काकू, नियम एकच," नेहा म्हणाली. "श्वास कधीच धरायचा नाही. काहीही झालं तरी घेत राहायचं, सोडत राहायचं. धरलात आणि वर आलात तर आतली हवा फुगते, फुप्फुसाला इजा होते. एवढं पाळा, बाकी सब मेरे पे छोडो."

मी तिला सांगितलं की आपल्याकडे या विषयाचा फार जुना विचार झालेला आहे, पूरक, कुंभक आणि रेचक, म्हणजे घेणं, रोखणं आणि सोडणं.

"मधलं कट करा काका," नेहा म्हणाली.

कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून डोकं खाली घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. मी इतका घाबरलो होतो की माझा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला. नेहा खूष. "काका बेस्ट! फक्त जरा सावकाश, टाकी भाड्याची आहे." नंतर वंदना खाली गेली. ती आमच्यापैकी एकटीच पाण्याला ओळखणारी. पाण्यात शिरताना तिचे खांदे सैल पडले ते मी पाहिले. घरी मी तसे कधी पाहिले नव्हते. डोकं पाण्याखाली गेलं. आणि वर बुडबुडेच येईनात.

नेहाने तिला उठवलं. "काकू, तुम्ही श्वास धरलात."

"मी कुठे धरला? तो आपला धरला जातो. तोंडाला पाणी लागलं की."

"परत."

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. ज्याला मुळात पोहता येत नाही अशा माणसाला हे जमतं, हा अन्याय वंदनाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला होता आणि मी शहाण्या नवऱ्यासारखा क्षितिजाकडे बघत होतो. अख्खं बालपण जिने तळाशी जास्तीत जास्त वेळ श्वास धरून काढलं, तिला आज कुणीतरी सांगत होतं की हेच तेवढं करायचं नाही.

चौथ्या-पाचव्या खेपेला जेमतेम जमलं आणि आम्ही काठालगतच्या प्रवाळांवर गेलो. हे वर्णन करायला मी अपुरा आहे, तरी करतो. दगडासारखं दिसतं ते जिवंत असतं आणि फुलासारखं दिसतं ते चावतं. हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळ, मेंदूच्या आकाराचे प्रवाळ, मध्येच काही पांढरे फटक पडलेले, कारण पाणी जास्त तापलं की प्रवाळांचा रंग उडतो. ते पाहताना देवळात जळालेला गाभारा बघावा तसं होतं. पोपटाच्या चोचीचे मासे दगड कुरतडतात आणि तो आवाज स्वच्छ ऐकू येतो, शेजारी कुणी चकली खात असल्यासारखा. एक कासव इतक्या निवांतपणे समोरून गेलं की माझे हात आपोआप जोडले गेले. हात जोडले की तोल जातो, ही माहिती कुठल्याच ग्रंथात नाही. मी उलटा झालो. रतनने मला सुलटं केलं, न बोलता.

कशालाही हात लावायचा नाही, हा इथला दुसरा नियम आणि तो योग्यच आहे. प्रवाळाला नुसतं बोट लागलं तरी तो मरू शकतो. पण त्याचा अर्थ असा की इथे वंदनाला तळ दिसत होता आणि त्याच्यावर हात ठेवता येत नव्हता. आणि प्रत्येक नव्या माशापाशी तिचे बुडबुडे थांबत. नेहा तिला घेऊन माझ्या आधीच वर आली.

काठावर टॉवेल गुंडाळून बसलो असताना नेहाने सरळ सांगितलं. "उद्या बोटीने रेक आहे. जुनी फेरीबोट बुडालेली, नवख्यांनाही नेता येते इतक्या खोलीवर. तिच्याभोवती वाळू आहे, तिथे हात लावलेला चालतो. पण काकू, असा श्वास धरणार असाल तर मी नाही नेणार. उद्या सकाळी आधी उथळात बघते. बुडबुडे सलग दिसले तर जाऊ. नाहीतर दोघं वर तरंगत बघा."

"दिसतील," वंदना म्हणाली. तिचा आवाज बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या मुलीचा होता.

पुकुर

लॉजच्या मागे एक तळं होतं. बंगाली लोक त्याला पुकुर म्हणतात. काठाला नारळ, केळी, धुण्याचा दगड, दोन बदकं. संध्याकाळी चहा घेऊन मागे गेलो तर वंदना त्या दगडावर पाय सोडून बसली होती. घरमालकीण दीदी भांडी घासत होत्या. त्यांची आणि वंदनाची हिंदी सारखीच तुटकी असल्यामुळे दोघींचं छान जमलं होतं.

"ये पुकुर ससुरजी ने खोदा," दीदी सांगत होत्या. "पहले पुकुर, फिर घर. जो मिट्टी निकला, उसी से घर का चौथरा ऊंचा किया. घर उसी मिट्टी पे खड़ा है."

 दीदी आत गेल्यावर वंदना म्हणाली, "ऐकलंत? इथे तळं खणून घर उभं राहिलं. आमचं घर उभं राहायला तळं बुजवावं लागलं."

 मी शिक्षक माणूस, मला उपाय सुचतात, सांत्वन सुचत नाही. मी म्हणालो, "श्वासाला छंद लाव. अनुष्टुभ घे. आठ अक्षरं श्वास आत, आठ अक्षरं बाहेर. मध्ये थांबायला जागाच नाही." दीदींकडून बादली आणली, पाण्याने भरली, वंदनाने बाजारातून घेतलेली, वरचं टोक पाण्याबाहेर राहणारी नळी तोंडात धरून तोंड बादलीत घातलं आणि मी वर उभा राहून श्लोक म्हणू लागलो. बदकं काठ सोडून पलीकडे गेली. दुसऱ्या चरणालाच तिचा श्वास अडकला आणि ती बादलीतून उसळून वर आली.

"तुमचा विसर्ग आला की माझा श्वास अडकतो."

"विसर्गाला तर उलट श्वास सोडायचा असतो. हे बघ, तुझी चूक—"

"अहो," वंदना म्हणाली, "मला पास व्हायचंय, शुद्ध व्हायचं नाही."

मी श्लोक आवरला. पुकुराच्या पलीकडे कुणीतरी सायकलवरून गेलं, तिची साखळी कुरकुरत होती. कुईं. जरा वेळाने पुन्हा कुईं. वंदनाने मान वर केली.

"बाबांचा रहाट असा वाजायचा," ती म्हणाली. "बावखलाच्या कडेच्या विहिरीवर. रेडा गोल फिरायचा, गाडगी एकीकडून भरून वर यायची, दुसरीकडे रिकामी होऊन खाली जायची. बाबा दुपारचे तिथेच आडवे व्हायचे. रहाट वाजतोय तोवर झोप. रेडा थांबला आणि आवाज बंद झाला की बाबा ताडकन जागे." ती हसली. "मला त्या आवाजाची इतकी सवय होती की पंप बसवला तेव्हा किती तरी दुपारी मला झोपच यायची नाही."

मग तिने नळी तोंडात धरली आणि तोंड बादलीत घातलं. नाकातून बुडबुडे आले. मग नळीतून श्वास आत जाताना आवाज आला. पुन्हा बुडबुडे. मी श्लोक म्हणत नव्हतो, कुणीच काही म्हणत नव्हतं. एक बाजू भरत होती आणि एक ओतत होती. माझा चहा गार झाला, दीदी दिवा लावून बाहेर आल्या आणि बादलीत तोंड घालून बसलेली आपली पाहुणी बघून पुन्हा आत गेल्या, तरी ते थांबलं नाही.

बुडालेली बोट

सकाळी उथळ पाण्यात नेहा डोकं कलतं करून वंदनाच्या बुडबुड्यांकडे बघत राहिली. वर आल्यावर म्हणाली, "काकू, रात्रीत काय केलंत?"

"रहाट लावला."

"काय लावला?"

"तुला नाही कळायचं, तू कल्याणची. चल आता."

मला मात्र त्या दिवशी खाली न्यायला रतन तयार नव्हता. माझ्या भात्याने टाकी फार लवकर संपते म्हणे. लाइफ जॅकेट घालून, बोटीच्या दोराला धरून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि काचेच्या मुखवट्यातून खाली बघायचं, एवढीच परवानगी मिळाली. मी ती आनंदाने घेतली. तुमच्यापैकी ज्यांना खाली जायचं नसेल त्यांनी हे जरूर करावं. समुद्राकडे बघण्याची ही सगळ्यांत लोभी रीत आहे, सगळं दिसतं आणि काहीच हाताला लागत नाही.

खाली ती बोट एका कुशीवर कललेली होती. कधीकाळी याच बेटांमध्ये माणसं, कोंबड्या, भाजीच्या टोपल्या वाहून नेणारी साधी फेरीबोट. आता तिच्या कठड्यांवर प्रवाळ धरलेत, खिडक्यांतून चंदेरी माशांचा थवा आत जातो आणि पलीकडून बाहेर येतो, तिकीट न काढता. डेकवर एक मोठा मासा तोंड उघडं ठेवून पडला होता, आमच्या स्टाफरूममधल्या दुपारच्या एका सहकाऱ्यासारखा. पाणी कोमट होतं, उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खालपर्यंत जात होत्या.

आणि त्या पट्ट्यांमधून वंदना खाली चालली होती. हाताला नेहा. लहान होत होती. मी तिला इतक्या दुरून, इतक्या वरून कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बुडबुडे येत होते. एक घोस, मग मोकळं पाणी, मग पुढचा घोस. ते वर येताना मोठे होत, चपटे होत, आणि माझ्या छातीखाली, हनुवटीखाली येऊन फुटत. तिचा प्रत्येक सोडलेला श्वास मला लागत होता. एखादा घोस जरा उशिरा आला की माझाच श्वास अडकायचा. बाबा रहाट थांबल्यावर का जागे होत, ते मला तिथे पालथं तरंगताना कळलं.

बोटीच्या सावलीपलीकडे वाळूचं मोकळं अंगण होतं. दोघी तिथे उतरल्या. नेहाने हाताने 'हळू' अशी खूण केली. वंदनाने गुडघे टेकले, उजवा हात पुढे केला आणि वाळूवर ठेवला. नुसता ठेवला. किती वेळ ते मी मोजलं नाही. बुडबुडे येत राहिले. मग तिने मूठ भरली.

वर काही आणायचं नाही, हे नेहाने आदल्या दिवसापासून बजावलं होतं. तरीही वंदना वर आली ती उजवी मूठ मिटलेली ठेवून. शिडी चढतानाही तिने ती उघडली नाही, एका हाताने चढली. खेळ पुरा झाला नव्हता. काठावर पंच नव्हता एवढंच.

"काकू, मूठ उघडा," नेहा म्हणाली.

उघडली. तळव्यावर दोन-चार पांढरे कण होते. बाकीची वाळू वर येता येताच निसटून गेली होती. वंदनाने हात नाकाशी नेला, वास घेतला. मग नेहासमोर धरला. नेहाने वाकून कण पाण्यात झटकले, समुद्राचं समुद्राला.

"वास नाही याला," वंदना म्हणाली. "नुसतं मीठ." नंतर माझ्याकडे बघून, "पण पोचले हो मी."

"पोचलीस," मी म्हणालो.  ती परतीच्या वाटेवर काठाकडे न बघता मागे, बोट बुडालेल्या जागेकडे बघत बसली होती. मला वाटलं होतं हिची ओढ आता शमेल. ती शमली नव्हती, तिला नुसता पत्ता मिळाला होता.

पाण्याखाली गेल्यावर निदान एक दिवस विमानात बसायचं नाही, म्हणून चौथा दिवस मोकळा ठेवा. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघा, शहाळं प्या. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलू नका, विमानतळावर काढून घेतात आणि काढून घ्यायलाच हवेत. आम्ही दीदींनी दिलेला नारळाच्या संदेश मिठाईचा डबा तेवढा आणला.

गिरीज

परत आल्यानंतरच्या रविवारी तो डबा घेऊन गिरीजला सुधाकरकडे गेलो. सुधाकर आता साठीचा, इमारतीचा सेक्रेटरी, म्हणजे पुन्हा एकदा काठावरचा पंच. तो खालीच उभा होता आणि वैतागलेला होता.

"बाय, जिन्यानं जा वर. लिफ्ट बंद हाय." आमच्या घरात मी वंदनाला वंदना म्हणतो, इथे तिला फक्त बाय म्हणतात. "काय सांगू भावोजी, दर वर्षी त्या लिफ्टच्या खड्ड्यात पानी येतं. पाऊस नाय, पानी नाय, तरी येतं. सिमेंट लावलं, केमिकल लावलं, कंत्राटदार बदलला. खालून येतंच. काल सगळा उपसला."

उपसलेला गाळ मागच्या भिंतीला, पार्किंगच्या कोपऱ्यात, ढीग करून टाकला होता. काळा, ओला, उन्हात नुकता सुकायला लागलेला. वंदना जिन्याकडे निघालेली थांबली. वळली. ज्या बाजूला ती इतक्या वर्षांत गेली नव्हती त्या बाजूला, उभ्या मोटारसायकलींच्या मधून, चालत गेली.

"बाय, साडी खराब होईल. गटाराचं असंल ते!"

ती वाकली. वरचा सुकलेला थर बाजूला सारून आत हात घातला, मूठ भरली आणि तशीच चालत परत आली. सुधाकरच्या पुढ्यात उभी राहिली आणि मिटलेली मूठ त्याच्यासमोर धरली. 

सुधाकर आधी माझ्याकडे बघत होता, हिला काय झालंय अशा नजरेने. मग त्याने मुठीकडे पाहिलं. मनगटावरून काळं पाणी ओघळत होतं. त्याचा चेहरा बदलला, आणि काय बदललं ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्या बावखलाच्या काठावर कधी नव्हतो.

"दाव," तो म्हणाला.

वंदनाने मूठ उघडली. गाळ तसाच होता, बोटांचे ठसे उमटलेला. सुधाकरने कमरेवर हात ठेवून, कण्हत, मान खाली नेली आणि वास घेतला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. कंबर हे निमित्त होतं. चष्मा काढून त्याने सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"तळाचा," तो म्हणाला.

वर जाऊन जेवलो. वहिनींनी कोलंबीचं कालवण केलं होतं. पानं वाढायला वंदना आपण होऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी डोकावलो तर दोघी खिडकीशी उभ्या होत्या आणि वंदना बोटाने खाली दाखवत सांगत होती, "ती पांढरी स्कूटर आहे ना, तिथे विहीर. आणि तिथून रेडा फिरायचा." वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं सांगितलं नाय ते?"

लोक विचारतात, अंदमानहून काय आणलंत. मी म्हणतो, काही नाही, तिथून काही आणायला परवानगी नाही. जाण्याजोगी जागा आहे, सवडीने जा, तब्येत तपासून जा, आणि श्वास धरू नका.

गिरीजहून चंदनसारला परतताना रिक्षा खड्ड्यांत जोरात आदळत होती. वंदनाने दांडा डाव्या हाताने धरला होता. उजवा मांडीवर होता, मिटलेला.